कर्णा आणि आपले कान

कर्णा म्हटला की मला गणेशोत्सवातला खांबच आठवतो. त्यामुळे मित्राने घरात कर्ण्याचे स्पीकर आणले तेव्हा मला आधी शेजाऱ्यांची कीव आली. "अरे, साध्याला पन्नास वॅट लागतात, तिथे ह्याला एक पुरतो!" तो म्हणाला. भांडवल एक, आवाज पन्नासाचा. बँकेतला माणूस विरघळणारच.

तबकडी लागली. गायिकेचा श्वास ऐकू आला, तंबोरा ऐकू आला, अन् तबकडीवरचा चरादेखील. माझा घरचा स्पीकर असलं काही सांगत नाही. व्याह्यांसारखा गोड तेवढंच बोलतो. अर्थात खरं बोलणाऱ्यालाही स्वतःचा सूर असतोच. कर्णा किंचित नाकात बोलतो.

मग मला खरं हवं की गोड?

"कसा वाटला?" मित्राने विचारलं.

"छान!" मी म्हटलं, अन् माझी आवड मलाच कळली.