छपाईचे पैसे

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या ख्रिस्ती घरांची बुधवारची प्रार्थनासभा एका निवृत्त गुरुजींच्या माडीवर भरत असे. रविवारी सगळे मोठ्या देवळात उपासनेला जात. पण आजारी माणसाचं नाव घेऊन प्रार्थना करणं, नव्या सुनेची ओळख, पोराच्या दहावीची काळजी हे सगळं बुधवारचं. जिना अरुंद, समोर तालीम. वर गाणं सुरू झालं की तालमीतली पोरं आपणहून आवाज कमी करत.

गुरुजी मंडळीचा इतिहास लिहीत होते. सुरुवात त्यांनी पार तरंगमबाडीपासून केली होती. 1706 साली डेन्मार्कच्या राजाने पाठवलेला त्सीगेनबाल्ग हा जर्मन लुथरन तरुण तिथे उतरला, तमिळ शिकला आणि काही वर्षांतच तमिळ नवा करार छापून मोकळा झाला. छापलेल्या अक्षराचं गुरुजींना फार मोल होतं. तिथून हस्तलिखित कोल्हापुरात येई. 1852 साली रॉयल गूल्ड वायल्डर हे अमेरिकन मिशनरी अहमदनगरहून इथे आले, त्यांनी शाळा काढल्या. पुढे मिरजेत वॉनलेस डॉक्टरांचा दवाखाना, 1915 मध्ये शाहू महाराजांच्या काळात निघालेलं इंडियन ख्रिश्चन होस्टेल, आणि मग पेठेतली घरं. कोण कुठल्या गावाहून आलं, कोणी मास्तरकी केली, कोणी दवाखान्यात रात्रपाळ्या केल्या, हे त्यांनी दारोदार विचारून लिहिलं होतं.

हे पुस्तक छापायचं, असं सभेने ठरवलं. कापणीच्या सणाला देवापुढे आलेल्या वस्तूंचा लिलाव व्हायचा, गुळाची ढेप, शेंगांचं सूप, नारळ, कोंबडी. एकच नारळ लोक विकत घेत, पुन्हा अर्पण करत, पुन्हा बोली लागे. पेठेतल्या घरांनी काही वर्षं आपली वेगळी वर्गणीही काढली. छपाईसाठी जमलेले हे पैसे गुरुजींच्या कपाटातल्या पत्र्याच्या पेटीत होते, आणि कोणी किती दिले ते वहीत.

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा चढली. राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांना धोक्याची पातळी. पाणी 55 फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे बंद. पाणी उपसणारी केंद्रंच बुडाल्यामुळे नळ कोरडे, दुधाची आणि पेट्रोलची मारामार. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपती महिन्यावर आलेले, आणि रंगवायला ठेवलेल्या मूर्ती पाण्यात विरघळल्या. माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली. मंगळवार पेठेतल्या तालमीने आखाड्यावर ताडपत्री टाकून त्यांना जागा दिली. दोन दिवस चूल पेटली, तिसऱ्या दिवशी पीठ संपत आलं. तालमीतला एक पोरगा माडीवर आला आणि उंबऱ्याशीच उभा राहिला.

"गुरुजी, सलाम. तुमची मोठी पातेली पायजे हुती. आनि पीठ कुटं उधार गावंल का, त्येवढं बगा."

बुधवारच होता. पातेली लगेच खाली गेली. पिठाचा प्रश्न आला तसे सगळ्यांचे डोळे कपाटाकडे वळले.

मंडळीच्या वडिलांपैकी, म्हणजे कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांपैकी, एक जण तिथे होते. ते म्हणाले, "ज्या कामासाठी अर्पण आलं त्याच कामाला ते लागलं पाहिजे. आज पूर आहे, उद्या दुसरं काही असेल. लोक पेटीवर विश्वास कशाला ठेवतील?"

हे बोलणं कोणी कठोर म्हणेल. मला ते तसं वाटत नाही. लहान मंडळीपाशी दुसरं असतं काय? वहीतला हिशेब चोख आहे या एका भरवशावर ती उभी असते.

गुरुजी गप्प होते. पेटीवर त्यांच्याइतका जीव कोणाचा असणार? तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या आक्का बोलल्या. आक्का अख्ख्या गल्लीच्या आक्का. लिहिणं-वाचणं बेताचं, पण गीतं सगळी पाठ.

"गुरुजी, त्या वायल्डरसायबांची गोष्ट सांगा की. पैसं बंद झालं तवाची."

"आक्का, आता?"

"आत्ताच."

ही गोष्ट गुरुजींना झोपेतून उठवून विचारली तरी आली असती. त्यांनी सांगायला घेतली. अमेरिकेतल्या बोर्डाचं म्हणणं होतं की मिशनऱ्याने आधी उपदेश करावा, शाळांवर एवढा खर्च नको. वायल्डर ऐकेनात. शेवटी बोर्डाने कोल्हापूरचं काम बंद केलं. वायल्डर तेव्हा आजारपणामुळे मायदेशी होते. त्यांनी शाळांच्या बाजूने एक पुस्तकच लिहिलं, आणि 1861 मध्ये बोर्डाशिवाय, ओळखीच्यांनी दिलेल्या मदतीवर, ते पुन्हा कोल्हापूरला आले.

"मग शाळा?"

"चालवल्या."

"कुटवर?"

"1870 मध्ये प्रेस्बिटेरियन बोर्डानं हे काम आपल्याकडं घेतलं. तोवर असंच. त्यांचा मुलगा रॉबर्ट इथंच जन्मला, 1863 ला. पुढं 1886 मध्ये अमेरिकेत शंभर विद्यार्थी परदेशी सेवेला जायला एकदम उभे राहिले, त्यात तो पुढं होता."

"आनि त्या नऊ वर्सांत हितं शिकली त्या पोरांची नावं हायत तुमच्या पुस्तकात?"

"नावं कुठं मिळणार, आक्का? कुणी लिहून ठेवली नाहीत."

"पर शिकली न्हवं?"

गुरुजी उठले. कपाट उघडून पेटी काढली, पण उघडली नाही. वही काखेत मारली, छत्री घेतली आणि त्या वडिलांना म्हणाले, "तुम्ही बरोबर बोललात. चला माझ्याबरोबर. ज्यांचे पैसे आहेत त्यांना विचारू."

मला या गोष्टीत सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे. भूक दारात उभी असताना पेटी फोडणं सोपं होतं, आणि कोणी नावं ठेवली नसती. ते दोघे म्हातारे भर पावसात घरोघर गेले. प्रत्येक ठिकाणी वही उघडून दाखवली, रक्कम वाचली, काय करणार ते सांगितलं. एका घरात आजीने वाक्य पुरं होऊ दिलं नाही, आतून स्वतःच्या डब्यातली ज्वारीही काढून दिली.

एक माणूस मात्र नाही म्हणाला. त्याने आपल्या बापाच्या नावाने पैसे दिले होते. बाप आयुष्यभर देवळाची झाडलोट करत आला, त्याचं नाव कुठेच लागलं नव्हतं. पुस्तकात तरी लागावं एवढीच त्याची इच्छा. तो बोलताना रडला. बरोबरचे मंडळीचे वडील त्याला समजवायला लागले तसा गुरुजींनी त्यांचा हात धरला. घरी येऊन तेवढी रक्कम मोजून पाकिटात घातली, वर त्याचं नाव लिहिलं. बाकीच्या पैशांतून रात्रीच पीठ, तांदूळ आणि डाळ आली.

पाणी ओसरेपर्यंत आखाड्यावर भाकऱ्या होत राहिल्या. थापणाऱ्यांत आक्का होत्या, तालमीतल्या पोरांच्या आया होत्या, कुंभार गल्लीतल्या बायाही होत्या. वाढायला वस्ताद स्वतः. जेवणाआधी आक्का डोळे मिटून दोन शब्द बोलत, तेवढा वेळ सगळे हात आवरून बसत.

पुस्तक छापलं गेलं नाही. त्या पाकिटातल्या पैशांत जेवढं बसलं तेवढंच केलं: पेठेतल्या घरांचं एक प्रकरण टाईप करून, झेरॉक्स काढून, दोऱ्याने शिवलं. त्यात झाडलोट करणाऱ्याचं नाव आलं, त्याच्या कामाची वर्षं आली. पहिली प्रत गुरुजी स्वतः त्याच्या मुलाला देऊन आले. प्रकरणाच्या शेवटी त्यांनी भाकऱ्या थापणाऱ्यांची नावं घातली होती, सगळ्यांची. मंडळीच्या त्या वडिलांनी विचारलं, "ह्यातले निम्मे आपल्या मंडळीचे सभासद नाहीत. कुठल्या मथळ्याखाली घ्यायचे?"

गुरुजींनी पान परत घेतलं, पाहिलं, आणि मथळा न घालताच ठेवलं.

2021 च्या जुलैत पाणी पुन्हा 55 फुटांच्या वर चढलं. पातेली न्यायला पोरं जिन्यावर आली, तेव्हा खाली टेम्पो उभा होता. पिठाच्या पोत्यांवर मागच्या पुरात नाही म्हणालेला तोच माणूस बसला होता. त्याने गुरुजींना खालूनच सलाम केला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "चल, तालमीत घे."