हरवलं त्याचं की सापडलं त्याचं?

सापडलेला पैसा घरात ठेवू नये, मारुतीच्या पेटीत टाकावा, असं माझी आजी म्हणत असे. मारुतीने तो पुढे मूळ मालकाला पोचता केल्याचं ऐकिवात नाही. पण निदान आजीच्या डोक्यावरचा भार तरी उतरत असे. आमच्या वाड्यातल्या पोरांचा कायदा याहून सोपा होता. वस्तूवर पाय ठेवायचा आणि 'सापडलं त्याचं!' म्हणून ओरडायचं, की मग तो निकाल हायकोर्टालाही फिरवता येत नसे. शाळेत संस्कृतचे मास्तर तिसरंच सांगत. परक्याचं धन मातीच्या ढेकळासारखं मानावं! महिन्याच्या शेवटी मास्तर स्वतःच्या पगाराची वाट ज्या डोळ्यांनी पाहत, त्यावरून स्वतःचं धन कसं मानावं हेही आम्हाला कळत असे.

पुढे बँकेत कॅशियर झालो, तिथे चौथा कायदा भेटला. संध्याकाळी हिशेबात दहा रुपये कमी आले तर ते कॅशियरच्या खिशातून, आणि दहा जास्त आले तर ते बँकेचे. म्हणजे हरवलं ते माझं आणि सापडलं ते तिचं. संसारातही साधारण हाच नियम असल्यामुळे मला तो कधी जड गेला नाही.

एवढ्या चार कायद्यांच्या आधारावर पस्तीस वर्षं नोकरी झाली आणि हा प्रश्न मी फायलीला लावून टाकला. ती फाइल पुन्हा बाहेर काढली माझ्या भाच्याने, आणि तीही शिकागोजवळच्या एका उपनगरातल्या बागेत, २०२५ सालच्या नोव्हेंबरच्या थंडीत.

भाचा तिकडे संगणकाचं काही काम करतो. काय काम ते त्याने मला तीनदा समजावून सांगितलं आणि मी तिन्ही वेळा 'वा!' म्हटलं. सुट्टीच्या दिवशी मात्र तो मला समजेल असं काम करतो. जमिनीत पडलेली जुनी नाणी शोधतो. त्यासाठी त्याच्याकडे मेटल डिटेक्टर आहे. लांब दांडा, खाली ताटलीएवढी चकती, मुठीपाशी छोटा पडदा, कानाला हेडफोन. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, एक चांगल्या घरातला माणूस बागेला इस्त्री करतो आहे.

यंत्राचं तत्त्व सोपं आहे. चकतीतून जमिनीत चुंबकीय लहरी जातात, खाली धातू असला की त्यात बारीकशी वीज फिरू लागते, ती वर चकतीला कळते आणि यंत्र ओरडतं. चांदीला उंच स्वर, लोखंडाला खर्ज. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली, तेव्हा ती शरीरात कुठे आहे हे शोधायला टेलिफोनवाले ग्रॅहॅम बेल असंच एक यंत्र घेऊन गेले होते. गोळी काही सापडली नाही. पलंगाच्या पोलादी स्प्रिंगांनी यंत्राचा गोंधळ केला असं सांगतात. म्हणजे यंत्राने शोध लावला तो बिछान्याचा. संशोधनात असं पुष्कळदा होतं.

त्या दिवशीची फेरी हंगामातली शेवटची होती. एकदा कडाक्याची थंडी पडली की तिकडची जमीन गोठून दगड होते, खुरपं चालत नाही, आणि यंत्र मार्चपर्यंत तळघरात जातं. भाचेसुनेने थर्मासमध्ये चहा दिला. मी भाच्याचा ओव्हरकोट आणि त्यावर सौ.ने विणलेली माकडटोपी अशा वेशात निघालो. बागेच्या मंडळाचा परवाना भाच्याच्या खिशात होता. तिकडच्या राष्ट्रीय उद्यानांत हे यंत्र वापरायला बंदीच आहे. गावच्या बागांतून ज्याचे त्याचे नियम. इथल्या अटी अशा होत्या: खड्डा बुजवायचा, निघालेला कचरा बरोबर न्यायचा, आणि मालकाची ओळख पटण्यासारखी वस्तू मिळाली तर कळवायचं.

पहिल्या तासात आम्हाला चार बुचं, एक खिळा आणि बिअरच्या डब्यांच्या सात कड्या मिळाल्या. यंत्राला सोन्याची अंगठी आणि ही अॅल्युमिनियमची कडी यांचा आवाज जवळजवळ सारखाच ऐकू येतो. म्हणून अंगठी हवी असेल त्याने सगळ्या कड्या उकराव्या लागतात. मुलींची स्थळं पाहणाऱ्या बापांना हे वेगळं सांगायला नको. मग एका सेंटचं एक नाणं निघालं, कडेने कुरतडल्यासारखं. १९८२पासून हे नाणं जस्ताचं असतं, वर तांब्याचा नुसता मुलामा. मातीत ते कुजतं. पाडायला साडेतीन सेंटांहून जास्त खर्च येतो म्हणून त्याच महिन्यात सरकारने ते व्यवहारासाठी पाडणं बंद केलं होतं. भाच्याने ते खिशात टाकलं.

"काय रे," मी विचारलं, "हे कुणाचं?"

"आता माझं, मामा."

"आणि अंगठी सापडली असती तर?"

त्यावर त्याने गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगितली. त्याला याच बागेत एक अंगठी सापडली होती. तिकडे शाळा संपताना मुलं शाळेचं नाव आणि साल कोरलेल्या अंगठ्या करून घेतात, तशातली. आत तीन अक्षरं होती. हा पठ्ठ्या शाळेत गेला, जुन्या याद्या पाहिल्या, पत्रं लिहिली, आणि तीन आठवड्यांनी ती अंगठी एका आजीबाईंच्या हातात नेऊन दिली. त्यांनी याला केक खाऊ घातला.

"आणि नाणी?"

"नाणी बरणीत आहेत. दोन बरण्या भरल्या."

आता मला सांगा, अंगठीसाठी तीन आठवडे हिंडणारा माणूस नाण्यासाठी तीन मिनिटंही का हिंडत नाही? दोन्ही वस्तू कुणाच्या तरी खिशाबोटातूनच पडलेल्या. मी हा प्रश्न भाच्याला विचारला. तो म्हणाला, "नाण्यावर नाव नसतं ना, मामा!"

तो सहज बोलून गेला, पण माझ्यातला कॅशियर जागा झाला. नाण्यावर नाव नसतं ही अडचण नव्हे. तेच तर त्याचं काम! खिडकीशी सकाळी एक आजोबा शंभराची नोट भरून जात. दुपारी पैसे काढायला आले की मी त्यांना भलतीच शंभराची नोट देई. 'माझीच नोट द्या' म्हणून पस्तीस वर्षांत एकही माणूस भांडला नाही. तेच त्यांचं घड्याळ ठेवून घेऊन मी तितक्याच किमतीचं दुसरं घड्याळ दिलं असतं, तर पोलीस आले असते. पैसा म्हणजे मालकाला विसरण्यासाठी मुद्दाम बनवलेली वस्तू. एका हातातून दुसऱ्या हातात गेला की पहिल्याची ओळख द्यायची नाही, हा त्याचा धर्म. मंत्र्यांनी तो पैशापासून घेतला की पैशाने मंत्र्यांपासून, हा वेगळा विषय आहे.

मी हे सगळं भाच्याला समजावून सांगणार, एवढ्यात यंत्र उंच स्वरात किंचाळलं.

भाच्याने गुडघे टेकले, खुरप्याने तीन बाजूंनी हिरवळ कापली आणि करंजीचं तोंड उघडावं तशी ती अलगद उलटली. चार बोटं खाली काहीतरी पांढरं चमकलं. "एकोणीसशे चव्वेचाळीस!" तो असा ओरडला की समोरच्या झाडावरची खार पळाली.

दहा सेंटांचं नाणं होतं. आपल्या जुन्या चवलीहून थोडं मोठं. त्यावर पंखांची टोपी घातलेली स्वातंत्र्यदेवी आहे, पण लोकांनी तिला रोमन देव मर्क्युरी समजून नाण्याला त्याचंच नाव देऊन टाकलं. म्हणजे नाणं तर सोडाच, नाण्यावरचा चेहरा कुणाचा इथपासूनच वाद. १९६४ सालापर्यंत या दहा सेंटांत नव्वद टक्के चांदी असे. १९६५ सालच्या कायद्याने ती काढली, आणि लगेच लोकांनी चांदीची नाणी घरात दडवून नवी बाजारात ढकलली. आपल्याकडेही १९४० साली रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ साली रुपया निकेलचा झाला, तेव्हा काही वेगळं घडलं नाही. वाईट पैसा चांगल्या पैशाला हाकलतो, हा ग्रेशमसाहेबांचा नियम मी बँकेच्या परीक्षेसाठी पाठ केला होता. फक्त एका ठिकाणची चांदी कुणाला दडवता आली नाही. जी आधीच खिशातून पडली होती ती.

भाच्याच्या आरोळीने खार पळाली, पण एक म्हातारेबुवा आले. हे त्याच्या शेजारच्या घरातले. वय सत्त्याऐंशी, बरोबर कुत्रा. चाळीस वर्षं याच गावात टपाल वाटलेलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, नाणं डोळ्यांजवळ नेलं आणि शांतपणे म्हणाले, "हे माझं असेल."

भाचा माझ्याकडे पाहू लागला. मी कुत्र्याकडे पाहू लागलो.

ते सांगू लागले. आठ वर्षांचे असताना आजीने दिलेले दहा सेंट घेऊन ते या बागेतून दुकानाकडे निघाले होते. त्या वेळी दहा सेंटांत कॉमिकचं एक पुस्तक येई. वाटेत याच झाडांखाली कोलांट्या मारल्या, आणि दुकानात जाऊन पाहतात तो खिसा रिकामा. अंधार पडेपर्यंत गवतात शोधलं. घरी बोलणी खाल्ली. एकोणऐंशी वर्षं झाली, पण कुठल्या झाडापासून कुठल्या झाडापर्यंत शोधलं ते त्यांनी काठीने दाखवलं.

पुरावा काही नाही. नाव नाही, पावती नाही, साक्षीदार नाही. बँकेत असा दावा आला असता तर मी 'मॅनेजरसाहेबांना भेटा' म्हणून मोकळा झालो असतो. पण तिथे उभा असताना माझा मघाचा सिद्धांत पार थंड पडला. बाजारात फिरणाऱ्या नाण्याला मालक नसतो हे खरं. पण मातीत पडलेलं नाणं फिरायचं थांबतं. ते कुणा एकाच्या खिशातून, एका दिवशी, एका झाडाखाली पडलेलं असतं. ऐंशी वर्षं एका जागी पडून राहिल्यावर त्याचं नाणेपण झडून जातं आणि ते अंगठीसारखं होतं. फक्त आत अक्षरं नसतात, एवढंच.

भाचा भला मुलगा आहे. त्याने नाणं पुढे केलं. "घ्या. तुमचंच आहे."

म्हातारेबुवांनी ते तळहातावर घेतलं, जरा वेळ उन्हात धरलं, आणि परत त्याच्या हातात ठेवलं. म्हणाले, "या गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याचे दहा सेंट या बागेत हरवलेले आहेत, मुला. चाळीस वर्षं मी ज्याचं त्याला पोचवलं. यावर पत्ता नाही. आणि मी तेव्हा शोधत होतो ते नाणं नव्हतं, सुपरमॅनचं पुस्तक होतं." मग कुत्र्याला म्हणाले, "चल," आणि गेले.

भाचा खड्डा बुजवू लागला. मला पंढरपूरच्या राका आणि बांका या जोडप्याची गोष्ट आठवली. वाटेत सोनं पडलेलं दिसलं, तेव्हा बायकोला मोह पडू नये म्हणून राकाने त्यावर माती लोटली; आणि मागून येणारी बांका म्हणाली, मातीवर माती कशाला घालता? गोष्ट थोर आहे. पण आपण काही राका-बांका नव्हे. आपल्याला चांदी चांदीसारखीच दिसते, आणि तशी दिसणाऱ्या माणसाने वागावं कसं हा आपला प्रश्न आहे.

आपल्या सरकारपुढे हा प्रश्न १८७८ सालीच आला होता. त्या सालच्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे, जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. मी मनातल्या मनात हिशेब केला. हे नाणं आपल्याकडे सापडलं असतं तर? दहा सेंट म्हणजे जेमतेम नऊ रुपये. कलेक्टरला त्रास देण्याचं कारण नाही. चांदीच्या भावाने मात्र काही शे रुपये. म्हणजे अर्ज आलाच. आणि म्हातारेबुवांच्या हिशेबाने सुपरमॅनचं एक पुस्तक, जे आठव्या वर्षी वाचायचं राहून गेलं. ही किंमत कुठल्या रकान्यात लिहायची हे कलेक्टरांनीच सांगावं.

पण त्या जुन्या कायद्यात एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. कलेक्टर ते धन लगेच कुणाला देऊन टाकत नाही. आधी जाहीर सूचना काढतो, की बाबांनो, हे कुणाचं असेल तर या. आणि त्यासाठी निदान चार महिन्यांची मुदत ठेवतो. म्हणजे साक्षात सरकारसुद्धा आधी विचारतं. सापडलेल्या वस्तूबद्दल आपलं देणं इतकंच असावं. मालक मिळेलच असं नाही; बहुतेक वेळा मिळत नाहीच. पण 'कुणाचं आहे हो?' असं एकदा मोठ्याने विचारलं पाहिजे. मालक आलाच तर तो वस्तू नेईल किंवा ती कशी हरवली ते सांगेल, आणि पुष्कळदा दुसरंच जास्त मोलाचं निघतं. कुणीच आलं नाही, तर वाड्यातल्या पोरांचा कायदा आहेच. पाय ठेवावा आणि ओरडावं. फक्त आधी विचारावं आणि मग ओरडावं, एवढा क्रम सांभाळावा.

भाच्याने त्या रात्री ते नाणं बरणीत टाकलं नाही. पाण्याने धुऊन एका छोट्या पाकिटात घातलं. पाकिटावर साल लिहिलं, झाडाची खूण लिहिली, आणि खाली पेन्सिलीने लिहिलं: 'बहुधा शेजारच्या आजोबांचं.'