बाळंतपण नाही, मग रजा कशाला?

दत्तक मूल घरी आणणाऱ्या बाईला कामाच्या ठिकाणी हा प्रश्न ऐकावा लागतो. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. रजा म्हणजे बाळंतिणीच्या शरीराची झीज भरून काढायला दिलेली सवलत, अशीच आपली समजूत आहे.

२०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात दत्तक आईला पहिल्यांदा स्थान मिळालं. जन्म देणारीला २६ आठवडे, दत्तक घेणारीला १२. तेही मूल तीन महिन्यांच्या आतलं असेल तरच, अशी अट त्या दुरुस्तीत होती. आता दुसरा कायदा बघा. सोडून दिलेलं बाळ सापडलं की आधी त्याच्या आईवडिलांचा शोध, मग ते दत्तकासाठी मोकळं असल्याचं बाल कल्याण समितीने जाहीर करायचं. त्याला दोन महिन्यांपर्यंत मुदत. आईने स्वतः सोपवलं असेल तर तिला फेरविचाराला ६० दिवस. ही मुदत हवीच. पण ती संपून, पालक ठरून, बाळ घरी येईपर्यंत तीन महिने बहुधा उलटलेले असतात. दत्तक आई असलेल्या हंसानंदिनी नंदुरी यांनी २०२१ मध्ये याच अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं.

मला वाटतं, मोजमापच चुकलं. मुलाच्या गरजेवरून रजा मोजली तर मोठ्या मुलाला जास्त लागेल. संस्थेत वाढलेलं अडीच वर्षांचं मूल अर्धी भाकरी उशीखाली लपवतं, दिवा मालवला की दचकतं, आई न्हाणीघरात गेली तरी दाराशी बसून राहतं. ही माणसं उद्याही इथेच असणार, हे त्याला सांगून पटत नाही. त्यासाठी कुणीतरी रोज समोर असावं लागतं. ते वडील असले तरी चालतं.

सोलापूर जिल्ह्याला अनाथ मुलं सांभाळण्याचं काम नवं नाही. पंढरपुरात १८७५ साली लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने अनाथ बालकाश्रम निघाला, प्रार्थना समाजाने तो चालवला. सोलापुरात पाखर संकुल दत्तकाचं काम करतं. मूल घेणाऱ्याची सोय मात्र हजेरीपटावर नाही.

कायदा सांगतो ते किमान. केंद्र सरकार आपल्या महिला कर्मचाऱ्यांना वर्षाखालच्या दत्तक मुलासाठी १८० दिवस देतं, पुरुषांना १५. इथल्या चादर कारखान्यांनी, सहकारी बँकांनी, रुग्णालयांनी आपापला नियम करावा: वयाची अट नको, मूल हाती आलं त्या दिवसापासून रजा, आणि अर्ज आयत्या वेळी आला तरी मंजूर. गरोदरपण काही महिने आधी कळतं. इथे वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर एक दिवस मुलाची माहिती येते आणि ते मूल आपल्यासाठी राखून ठेवायला ४८ तास मिळतात.

आणि घरी बसून विड्या वळणाऱ्या बायका? १९६६ च्या विडी कामगार कायद्याने मातृत्व लाभ त्यांनाही लागू केला. पण हजार विड्यांमागे मजुरी घेणाऱ्या बाईची रजा म्हणजे बुडालेली मजुरी भरून मिळणं, दुसरं काही नाही. तिने मूल दत्तक घेतलं तर ते पैसे तिच्या पदरात कसे पडतील, हे कारखानदारांनी आणि युनियनने एकत्र बसून ठरवायला हवं.