‘आता तूच वाच’

मूल पहिलीत गेले, अक्षरे जुळवू लागले की बहुतेक घरांत एक वाक्य हटकून ऐकू येते: “आता तुला वाचता येतं ना, मग तूच वाच.” सांगणाऱ्याच्या आवाजात कौतुक असते आणि सुटलो एकदाचे, हा सुस्काराही. मुलाला मात्र ही बढती वाटत नाही. कालपर्यंत मांडीवर बसून त्याने राक्षस, राजकन्या, समुद्राचा तळ असे सगळे ऐकलेले असते. आता हातात येते काना-मात्रा टाळून रचलेले चार शब्दांचे बेचव वाक्य. तेही अडखळत वाचायचे आणि चुकले की पुन्हा पहिल्यापासून.

मुले वाचत नाहीत म्हणून आपण मोबाइलच्या नावाने खडे फोडतो. त्याचा दोष आहेच. पण गोडी तुटते ती बऱ्याचदा इथे, आपल्याच हातून.

‘म्हातारी भोपळ्यात बसली’ हे वाक्य घ्या. चार वर्षांच्या पोरालाही ते ऐकून कळते आणि हसू येते. तेच वाक्य पहिलीतले मूल वाचते तेव्हा ‘म्हा’पाशीच थबकते. हा अर्धा ‘म’ ‘ह’ला चिकटून काय करतोय, याचा निकाल लावून पुढे सरकावे तर ‘ळ्या’ वाट अडवून उभा. ‘बसली’पर्यंत पोचेतो म्हातारी कुठल्या कुठे गेलेली असते. या वयात कान डोळ्यांच्या कितीतरी पुढे असतात. डोळ्यांना कानांची बरोबरी करायला काही वर्षे लागतात. त्या काळात मोठ्यांनी वाचून दाखवणे थांबवले, तर मुलाच्या वाट्याला त्याच्या समजेपेक्षा फार खालचे साहित्य येते. पुस्तके कंटाळवाणी असतात असे त्याने ठरवले, तर त्याच्या अनुभवाला ते धरूनच आहे.

फ्रेंच लेखक दानिएल पेनाक शिक्षक होते. 1992 साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात हीच व्यथा आहे: रोज रात्री विनाअट मिळणारी गोष्ट मूल शाळेत वाचायला शिकले की बंद होते आणि वाचन हे कर्तव्य होऊन बसते. वाचकाचे दहा हक्क त्यांनी सांगितले. पाने गाळण्याचा, पुस्तक अर्धे टाकण्याचा, तेच पुन्हा वाचण्याचा आणि शेवटचा, वाचून झाल्यावर गप्प बसण्याचा. हा शेवटचा हक्क मराठी मध्यमवर्गीय घरात मुलाला क्वचितच मिळतो. गोष्ट संपते न संपते तोच प्रश्न येतो, “मग यातून काय शिकलास?” सिनेमा पाहून बाहेर पडल्यावर आपल्याला कोणी असे विचारले तर आपण पुन्हा त्याच्याबरोबर जाणार नाही.

तात्पर्याचा हा सोस आपल्या हाडीमाशी खिळला आहे. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. तिची प्रकरणे म्हणजे रात्री आहेत, एकूण 42. श्याम रोज रात्री मित्रांना एकेक आठवण सांगतो आणि ते ऐकतात. ऐकण्याच्या सुखावर उभ्या असलेल्या या पुस्तकाला आपण संस्काराचे औषध करून टाकले. वाढदिवसाला द्यायचे, वाचले का म्हणून विचारायचे आणि आईचे गुण पाठ करून घ्यायचे.

गुजराती शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांना हे दुखणे नव्वद वर्षांपूर्वीच कळले होते. त्यांच्या ‘दिवास्वप्न’मधले मास्तर चौथीच्या दंगेखोर वर्गाला पहिल्यांदा काही शिकवतच नाहीत, गोष्टी सांगत सुटतात. अभ्यास कधी सुरू करणार, असे आजूबाजूचे विचारत राहतात. मास्तर उलट पाठ्यपुस्तकांच्या पैशांतून वर्गासाठी वाचनाची पुस्तके घ्यायला निघतात. आजच्या पालकसभेत कोणी हे सुचवून पाहावे!

घरी नेमके काय करायचे, याचे फार अवडंबर नको. मुलाने तेच पुस्तक लागोपाठ दहा रात्री मागितले तर दहा रात्री वाचावे. कंटाळा आपल्याला येतो, त्याला नाही. माझ्या भाचीला माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ मालिका तोंडपाठ होती. झोपेच्या गुंगीत मी एखादी ओळ गाळली की ती माझे बोट धरून पानावर मागे आणायची. अक्षरओळख नसताना तिला इतके पक्के ठाऊक होते की शब्द पानावर ठरल्या जागी असतात, वाचणाऱ्याच्या मर्जीवर नसतात. बाराखडीआधी कळायला हवी ती गोष्ट हीच, आणि ती पाटीवर गिरवून येत नाही. पुस्तके कपाटात बंद नकोत, हाताशी हवीत. कोपरे दुमडतील, एखादे पान फाटेल, वरणाचा डाग पडेल. चालायचेच.

डोंबिवलीहून लोकल पकडून रात्री आठला घरी येणाऱ्या आईबापांना हे सांगणे सोपे, करणे अवघड, हे मान्य. पण दहा मिनिटांची गोष्ट आहे. वाचता न येणारी आजीसुद्धा चित्र दाखवून गोष्ट रचू शकते, बहुधा आपल्यापेक्षा रंगवून. पैशांची सबबही आता तितकीशी टिकत नाही. बालभारतीच्या ‘किशोर’चे 1971 पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी चित्रपुस्तकेही आहेत. खरी उणीव सार्वजनिक वाचनालयांची. राज्यात ग्रंथालयांचा कायदा 1967 पासून आहे आणि वाचनालये गावोगाव आहेत. पण अनेक ठिकाणी बालविभाग म्हणजे काचेचे एक कपाट असते, ते कुलूपबंद असते आणि किल्ली ज्यांच्याकडे असते ते नेमके जेवायला गेलेले असतात.

इंग्रजी माध्यमातल्या मुलांचा पेच निराळा. पुण्यातले असो की न्यू जर्सीतले, त्यांचे मराठी वाचन इंग्रजीमागे रखडते. नववे-दहावे वर्ष आले तरी कानाला ‘फास्टर फेणे’ झेपतो, डोळ्यांना दोन पानांत दम लागतो. या मुलांसाठी मोठ्यांनी पाचवी-सहावीपर्यंत वाचून दाखवायला हवे. भा. रा. भागवतांच्या या कथांमधले संवाद मोठ्याने वाचायला मजाही येते. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. ते योग्यच झाले. मात्र त्यामुळे ही मुले मराठीला भेटतात ती विषय म्हणून, ह्रस्व-दीर्घाच्या लाल खुणांसकट. घरी तरी त्या लाल खुणा नकोत. मुलाने ‘पूस्तक’ असे लांबवून वाचले तर लांबवू द्यावे आणि पुढचे पान आपण वाचायला घ्यावे.