पिंपळपानाची जाळी

बसा. पाठ टेकली तरी चालेल. उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी ठेवा. नाडी लगेच सापडली नाही तर बोटं थोडी सरकवा आणि थांबा.

एक आधीच सांगते. छातीत आत्ता दुखत असेल, धाप लागत असेल, तर हे वाचन बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा. मनन नंतर करता येईल.

लागला ठोका? आता लक्ष ठोक्यावरून काढा आणि दोन ठोक्यांच्या मधल्या जागेकडे न्या. हृदय आकसतं तेव्हा ते सगळ्या अंगाला रक्त धाडतं, पण त्याच आवळण्यानं त्याच्या स्वतःच्या स्नायूतल्या बारीक वाहिन्या दाबल्या जातात. डाव्या कप्प्याच्या स्नायूला त्याच्या वाटणीचं रक्त मुख्यतः मिळतं ते तो सैल पडतो तेव्हा, म्हणजे या मधल्या जागेत. दिवसाकाठी सुमारे एक लाख ठोके, आणि तितक्याच वेळा ही निवांत जागा. तिथे थोडं राहा.

आता लहानपणी वहीत जपलेलं पिंपळाचं पान आठवा. पाण्यात कुजवून त्यातला हिरवा गर काढला की जाळी उरायची. ते पान मनातल्या मनात उजेडाकडे धरा. मधली शीर जाड, तिला फुटलेल्या बाजूच्या शिरा बारीक, आणि त्यांच्या मधे नजर लावल्याशिवाय न दिसणारं विणकाम. हृदयावरच्या मोठ्या रोहिण्या दोन ते चार मिलिमीटरच्या. त्यांच्या फांद्या होत होत अर्ध्या मिलिमीटरहून बारीक होतात, तिथून पुढे केसासारख्या. अँजिओग्राफीत डाय सोडून पडद्यावर दिसतात त्या मधली शीर आणि बाजूच्या शिरा. जाळी दिसत नाही. पान मात्र जगतं ते जाळीवर.

तोंडभर ‘क्लिअर’ म्हणून कितीजणींना घरी पाठवलं असेल! ‘ब्लॉकेज नाही, टेन्शन घेऊ नका, ॲसिडिटी असेल.’ हे वाक्य सावकाश मनात म्हणा. आधी सांगणाऱ्याच्या जागी बसून म्हणा. त्यात खरोखरचा दिलासा आहे. मग ऐकणारीच्या जागी बसा. जिना चढताना तिची छाती अजून दाटते, जबडा ओढल्यासारखा होतो, आणि आता ते सांगायचीही चोरी झाली आहे.

अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या हृदयरोगतज्ज्ञ डॉ. नोएल बेअरी मर्झ अशा बायकांच्या बोलण्यापाशी थांबल्या. 1996 साली सुरू झालेल्या ‘वाइज’ या अभ्यासाचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं. छातीत दुखतं म्हणून अँजिओग्राफीला आलेल्या 936 स्त्रिया त्यात होत्या. निम्म्याहून अधिक जणींच्या मोठ्या रोहिण्यांत अडथळा नव्हता. तरीही मर्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फाइल बंद केली नाही. त्यांनी काही जणींच्या रोहिणीत बारीक तार घालून, वाहिन्या सैल करणारं अ‍ॅडेनोसीन हे औषध देऊन, रक्ताचा प्रवाह मोजला. निरोगी हृदयात तो अडीच पटीहून जास्त वाढतो. अडथळा नसलेल्या, तपासलेल्या स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या जणींत तो पुरेसा वाढलाच नाही. म्हणजे जाळी आजारी होती. पुढची वर्षं पाठपुरावा केला तेव्हा दिसलं, की ‘काही नाही’ म्हटलेल्या या स्त्रियांना हृदयविकाराचा झटका आणि हृदय अशक्त होण्याचा धोका खरा होता.

1991 साली डॉ. बर्नाडिन हीली यांनी या दुर्लक्षाला ‘येंटल’ कथेतल्या मुलीचं नाव दिलं होतं. त्या मुलीला शिकायला मिळावं म्हणून मुलाचा वेश घ्यावा लागतो. बाईचा हृदयरोगही पुरुषासारखा दिसला तरच त्यावर पुरुषासारखा उपचार होतो, असं हीलींचं म्हणणं. त्या कथेवरचा चित्रपट बार्बरा स्ट्रायसँड यांनी केला, त्यांनीच येंटल साकारली, आणि मर्झ ज्या केंद्राच्या प्रमुख आहेत ते स्त्रियांचं हृदयरोग केंद्र आज स्ट्रायसँड यांच्याच नावानं चालतं. मला हा धागा फार मोलाचा वाटतो.

पण मनन इतिहासाचं नाही. बोटं अजून मनगटावर आहेत ना? असू द्या. मला या संशोधनात यंत्राहून मोठी वाटते ती त्याची सुरुवात. चित्र एक सांगत होतं, बाई दुसरं, आणि कुणीतरी ठरवलं की चित्र अपुरं असू शकतं. चित्र खोटं नव्हतंच. ते दिसतं तेवढंच दाखवत होतं.

श्वास घ्या, सोडा. तुमच्या ओळखीतली एखादी आठवा, जिचे सगळे रिपोर्ट नॉर्मल होते. आई असेल, मावशी असेल, शेजारची काकू असेल, तुम्ही स्वतः असाल. ओट्याशी उभी असताना, पिशव्या घेऊन जिना चढताना, मधेच थांबून ती काहीतरी म्हणाली होती. आपण काय उत्तर दिलं ते आत्ता नको. तिनं काय म्हटलं होतं, तिच्याच शब्दांत, तेवढं आठवा.