निदान रेषेच्या अलीकडे

कबड्डीतला एक नियम राज्यघटनेत नाही, याची मला उतारवयात फार खंत वाटते. चढाईला आलेला गडी समोरच्या कोणाला न शिवता आणि निदान रेषा न ओलांडता माघारी गेला, तर तो बाद. मध्यरेषेपाशी त्याने कितीही मांड्या थोपटल्या, प्रेक्षकांकडे बघून मिशीला पीळ दिला, तरी पंचाची शिट्टी वाजतेच. हा नियम पुढाऱ्यांना लावला, तर निवडणुकीच्या मोसमात डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांतलं मैदान जवळजवळ रिकामंच होईल.

प्रो कबड्डी सुरू झाली २६ जुलै २०१४ला आणि आमचा पालघर जिल्हा जन्मला त्याच वर्षी १ ऑगस्टला. आठवडाभराच्या आत मातीतला खेळ मॅटवर गेला आणि आम्ही ठाण्यातून पालघरात आलो. दोन्हीकडे दिवे वाढले, फलक नवे झाले. खेळात गड्याचा दम लागतोच, पण आता डोक्यावर ३० सेकंदांचं घड्याळही आलं. मी कुरकुर केली, तर नातू म्हणाला, “आजोबा, त्याशिवाय जाहिराती कशा बसणार?” जिल्हा कसा चालतो, हेही त्या पोराने नकळत सांगून टाकलं.

आमच्याकडची निदान रेषा मुंबई–अहमदाबाद महामार्गाच्या आसपास पडते. अलीकडे रेल्वे, समुद्र, घोलवड-बोर्डीच्या चिकूवाड्या आणि आमच्यासारखे पेन्शनर. पलीकडे डोंगराच्या बाजूला वारली, कोकणा, धोडी कुटुंबांचे पाडे. नेत्यांच्या गाड्या चारोटीपर्यंत येतात, तलासरी नाक्यावर हार स्वीकारतात आणि वळतात. नोव्हेंबर २०१८पासून धुंदलवाडीच्या परिसरात भूकंपाचे धक्के बसू लागले. घराची भिंत कधी पडेल या धास्तीने माणसं थंडीत बाहेर निजत होती. तेव्हाही पाहणी करायला आलेल्यांत दोन जाती दिसल्या. एक गाडीच्या काचेतून भेगा पाहणारी, दुसरी ओटीवर टेकून चहा घेणारी. पाड्यावरच्या बायका दुसऱ्या जातीलाच ओळख देत.

रेषा ओलांडणारे इथे झालेच नाहीत असं नाही. गोदावरी परुळेकर पुण्याकडच्या, कायदा शिकलेल्या. त्या आणि त्यांचे पती शामराव वारल्यांच्या झोपड्यांत राहिले, त्यांच्या ताटातलं जेवले. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरीला सभा भरली आणि ठरलं की रोजी बारा आणे रोख मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर पाऊल टाकायचं नाही, वेठ करायची नाही. मोठेपणा बाईंचा होताच, पण खरा डाव वारल्यांचा. पिढ्यान्‌पिढ्या ज्या मैदानाची आखणी सावकाराने केली, तिथे उतरायलाच त्यांनी नकार दिला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, पाच माणसं गेली. रेषा ओलांडायची ही किंमत होती, आणि ती चढाईला आलेल्यांनी नव्हे, तिथल्याच माणसांनी मोजली.

त्याच साली बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं काम मांडलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत, हे त्यांनाही दिसलं. त्यांनी मुलांवर ठपका ठेवला नाही. शाळाच अंगणात नेली, आणि गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात. निदान रेषा पार करणं म्हणतात ते हेच.

आता पंचांविषयी. डहाणूला पंच आहे, ही चैन फार थोड्या तालुक्यांना मिळते. जून १९९१मध्ये केंद्राने तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६मध्ये प्राधिकरण आलं, अध्यक्ष न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. १९९८मध्ये या पंचाने वाढवणच्या बंदराला बाद दिलं. कबड्डीत बाद गडी पुन्हा उठतो, पण त्याच्या संघाने समोरचा गडी मारला तरच. राजकारणात तो कोणीही काही न कमावता, नुसता काळ जाऊ दिला की उठतो. २०२३मध्ये त्याच प्राधिकरणाने, वेगळ्या अध्यक्षांखाली, अटी घालून बंदराला संमती दिली. ३० ऑगस्ट २०२४ला पायाभरणी झाली, खर्च सुमारे ७६,२०० कोटी. बंदर डहाणू तालुक्यात, समारंभ पालघरला. मच्छीमारांची वस्ती मध्यरेषेपासून जरा लांब पडते, एवढंच.

आणि आमचे मतदार! त्या वर्षी पालघर लोकसभेची जागा कमळाला गेली. काही महिन्यांनी डहाणू विधानसभेतून विळा-हातोड्याचे विनोद निकोले दुसऱ्यांदा निवडून आले. मुंबईचे पंडित याला गोंधळ म्हणतात. मला यात गोंधळ दिसत नाही. दिल्लीची चढाई टीव्हीवर दिसते, वनहक्काच्या दाव्याचा कागद घेऊन तहसीलला येणारा गडी डोळ्यांसमोर दिसतो. दोन सामने वेगळे, मतदाराने गुण वेगवेगळे दिले.

अलीकडच्या आम्हा लोकांची मात्र गंमत आहे. २०१३ला लोकल डहाणू रोडपर्यंत आली आणि आम्ही फलाटावरच्या बाकांवर बसून देशाचं, क्रिकेटचं आणि चिकूच्या भावाचं समालोचन सुरू केलं. घरात वारली चित्र टांगलं की आमची चढाई पूर्ण. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ला पद्मश्री मिळाली, याचा आम्हाला अभिमान. पण गंजाड किती किलोमीटर, हे बाकावर विचारा, तीन उत्तरं मिळतील.

म्हणून मी हल्ली कोणाचं भाषण ऐकत नाही, त्याचे पाय बघतो. ते कुठवर गेले, कोणाला शिवले, एवढंच मोजायचं. शिट्टी आपल्या हाती नाही. मत आहे, पण ते पाच वर्षांनी एकदा. मधल्या काळात प्रेक्षकाने मोठ्याने ओरडावं, हा कबड्डीतला जुना रिवाज आहे. म्हातारपणी गुडघे संपावर जातात, घसा जात नाही.