सामान्यज्ञान : स्मृती, प्रमा आणि प्रश्नकर्त्याची नीती

‘सामान्यज्ञान’ ही संज्ञा शाळा, वृत्तपत्रे आणि स्पर्धापरीक्षा यांच्या व्यवहारात इतकी रुळली आहे की तिच्यातील दोन्ही पदांचा अर्थ तपासण्याची गरज कोणाला भासत नाही. न्यायदर्शनाच्या परिभाषेत ‘सामान्य’ म्हणजे अनेकांत अनुगत असणारा धर्म. अनेक घटांत असणारे घटत्व. त्या अर्थाने सामान्याचे ज्ञान म्हणजे सुट्या वस्तूंना जोडणाऱ्या तत्त्वाचे ज्ञान. प्रचलित सामान्यज्ञान याच्या नेमके उलट आहे : सुटी नावे, सुटे सन, सुट्या नद्या, सुटे पुरस्कार. ‘ज्ञान’ या पदाचीही तीच गत. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त बुद्धीचे स्मृती आणि अनुभव असे दोन प्रकार मानले आहेत, ‘प्रमा’ ही पदवी यथार्थ अनुभवाला मिळते, स्मृतीला मिळत नाही. ज्याने उत्तर केवळ पाठ केले, त्याला फार तर शब्दप्रमाणाचा आधार सांगता येईल. परंतु शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा. बाजारात मिळणारे मार्गदर्शक पुस्तक आप्त आहे काय, हा प्रश्न मात्र पाठांतराच्या घाईत कोणी विचारीत नाही.

हा केवळ ज्ञानमीमांसेचा वाद नाही. त्यात एक नैतिक प्रश्न गुंतलेला आहे. रांजणगावचे उदाहरण घ्यावे. ‘अष्टविनायकांपैकी महागणपतीचे स्थान कोणते?’ या परिचित प्रश्नाचे उत्तर ‘रांजणगाव’ असे एका शब्दाचे आहे. पण या नावाचे एकच गाव नाही. शिरूर तालुक्यातच रांजणगाव गणपतीखेरीज रांजणगाव सांडस आहे. वाळूजजवळ आणखी एक रांजणगाव आहे. शिवाने त्रिपुरासुराच्या वधापूर्वी येथे गणेशाची आराधना केली ही कथा, माधवराव पेशव्यांच्या काळात देवस्थानाला मिळालेला आश्रय, मूळ मूर्ती तळघरात असून तिला दहा सोंडा आणि वीस हात आहेत ही आख्यायिका, पुणे–अहिल्यानगर रस्त्यावरील देवस्थानाच्या शेजारी उभी राहिलेली विस्तीर्ण औद्योगिक वसाहत, हे सारे त्या एका शब्दात मावत नाही. आख्यायिकेला तर ‘बरोबर’ आणि ‘चूक’ या दोन रकान्यांत जागाच नाही. तरीही ती शतकानुशतके बोलल्या जाणाऱ्या श्रद्धेचा भाग आहे.

याच परिसरातील दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. ‘रांजणखळगे कोणत्या नदीच्या पात्रात आढळतात?’ उत्तर : कुकडी, निघोजजवळ. शिरूर आणि पारनेर तालुक्यांच्या सीमेवर बेसाल्टच्या पात्रात हे खोल खळगे पडलेले आहेत. प्रवाहाबरोबर आलेले गोटे एखाद्या खोलगट जागी अडकतात, भोवऱ्यात फिरत राहतात आणि दीर्घ काळाने कठीण खडक रांजणासारखा कोरला जातो. ही क्रिया ज्याला समजली त्याला खडकाचे काठिण्य, पाण्याचा वेग आणि काळाचे परिमाण यांचा परस्परसंबंध समजला. अन्य नदीच्या पात्रातील खळगाही तो ओळखू शकेल. ‘कुकडी’ एवढेच ज्याला ठाऊक आहे, त्याची गती कुकडीपाशीच संपते. मात्र गुण दोघांना सारखेच मिळतात.

साहित्याच्या अध्यापनालाही ही पद्धती अपरिचित राहिलेली नाही. केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले, कुसुमाग्रज म्हणजे विष्णु वामन शिरवाडकर, अशा जोड्या अचूक लावणाऱ्या विद्यार्थ्याने त्यांची एकही कविता वाचलेली नसणे शक्य आहे. वाङ्मयेतिहासाची नामावळी झाली की वाचन अनावश्यक ठरते.

तरीही वस्तुनिष्ठ प्रश्नाची बाजू दुर्लक्षून चालणार नाही. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचा निर्णय २०२२ मध्ये जाहीर केला, तेव्हा २०२३ च्या आरंभी उमेदवारांनी पुण्यात आंदोलन केले आणि अंमलबजावणी २०२५ पर्यंत पुढे गेली. मुख्य मागणी तयारीसाठी अवधी मिळावा ही होती. पण त्या निमित्ताने एक खोल प्रश्न पुढे येतो. निबंधाची भाषा, वळण, संदर्भ यांवर घराण्याची आणि शहराची छाप असते. परीक्षकाची अभिरुची त्या छापेला नकळत दाद देते. चार पर्यायांतील एक निवडताना उमेदवाराची बोली, आडनाव वा शाळा कोणाला दिसत नाही. सुट्या माहितीच्या परीक्षेत सत्याचा अंश थोडा असेल, पण समतेचा अंश मोठा आहे. ज्ञानाच्या खोलीचा आग्रह धरणाऱ्याने, ती खोली गाठण्याची साधने कोणाच्या हाती आहेत याचे उत्तर आधी दिले पाहिजे.

समतेसाठी सुटेपणा स्वीकारणे अपरिहार्य आहे काय? श्रीधर व्यंकटेश केतकरांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ या ठिकाणी विचारार्ह ठरतो. तेवीस विभागांच्या या कोशात वर्णानुक्रमे नोंदी सुरू होण्यापूर्वी केतकरांनी पाच प्रस्तावनाखंड घातले. त्यांतील पहिला ‘हिंदुस्थान आणि जग’. माहिती मराठीत सर्वांसाठी खुली व्हावी आणि तरीही ती संबंधांच्या चौकटीतच वाचकापर्यंत पोहोचावी, अशा दोन्ही आकांक्षा त्या रचनेत दिसतात. त्या परस्परविरोधी नाहीत.

तेव्हा दोष वस्तुनिष्ठतेचा नसून प्रश्नाच्या निवडीचा आहे. खळगे कसे पडतात, हेही चार पर्यायांत विचारता येते. उत्तर देणाऱ्याच्या स्मरणशक्तीची चर्चा पुष्कळ होते; प्रश्न विचारणाऱ्याच्या जबाबदारीची होत नाही. प्रश्नकर्ता काय विचारतो यावरून कोणते जाणणे प्रतिष्ठित आणि कोणते कुचकामी हे समाजात ठरत जाते. रांजणगावच्या मुलाला आपले गाव एका प्रश्नाचे उत्तर आहे हे पुस्तकातून कळते. परंतु गावातील जमीन, पाणी, यात्रा आणि कारखाने यांविषयी त्याला अनुभवाने जे ठाऊक असते, ते कोणत्याच प्रश्नाचे उत्तर होत नाही. प्रमेच्या कसोटीवर खरे उतरणारे त्याचे ज्ञान बाजूला पडते आणि उसने उत्तर गुणपात्र ठरते. ज्ञात्याला त्याच्याच ज्ञानासंबंधी अविश्वास वाटायला लावणे, हा अन्याय आहे. तो कोणत्याही गुणपत्रिकेत नोंदला जात नाही, म्हणून प्रश्नकर्त्याने स्वतःच तो ओळखावा लागतो.